काळजाचा गो-स्लो

तुमच्या घरातला माणूस पायऱ्या चढता चढता मध्येच उभा राहतो, भिंतीवरचं काहीतरी वाचायला लागतो, नाहीतर शेजाऱ्याला उगाच विचारतो, "काय, जेवण झालं का?" तेव्हा तो नेमका कशासाठी थांबला आहे, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय?

आम्ही नव्हतं विचारलं. आमच्या घरात थांबणारा माणूस माझा बाप होता, आणि तो थांबायचा तेव्हा भाषण करायचा. भाषण करणाऱ्याला कोण विचारणार, की बाबा रे, तुला दुखतंय का?

आम्ही भांडुपला टेकडीच्या उतारावर राहतो. रिक्षा खालच्या स्टँडपर्यंत येते, त्याच्यापुढे सगळ्या पायऱ्या. गॅसचा सिलिंडर, लग्नातलं कपाट, आजारी माणूस, जे काही वर न्यायचं किंवा खाली आणायचं ते माणसांच्या खांद्यांवरून. पप्पा मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखाना बंद पडला, युनियन विस्कटली, पण पप्पांचं पत्रक काढणं काही बंद पडलं नाही. पाण्याची वेळ बदलली, काढ पत्रक. पायऱ्यांवरचे दिवे गेले, काढ पत्रक. बुद्धविहारात मुलांसाठी अभ्यासिका पाहिजे, पत्रक. गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर, एका बाजूला छापलेलं. उरलेल्या गठ्ठ्याची कोरी बाजू माझ्या मालकीची. बाराखडी मी त्या पाठकोऱ्या कागदांवर गिरवली, बेरजा त्यांच्यावरच केल्या, आणि कंटाळा आला की कागद उलटा करून "कामगार बंधू-भगिनींनो" वाचत बसायचे. बाकीच्या पोरांना राजा-राणीच्या गोष्टी होत्या, मला मागण्या होत्या. आजही लिहायला बसले की पहिलं वाक्य मागणीचंच येतं. त्याची मला लाज वाटत नाही.

रविवारी पत्रक वाटायचा पप्पांचा एक शिरस्ता होता. खालून सुरुवात. पहिला मुक्काम नळापाशी. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पत्रक, आणि खणखणीत आवाजात वाचन. मग विहाराच्या कट्ट्यापाशी थोडं वाचन. मग पिठाच्या चक्कीपाशी. बायका हंडे भरता भरता म्हणायच्या, "आली सभा." कोणी चिडवायचं, "काका, आज अध्यक्ष कोण?" पप्पा कोणाला सोडायचे नाहीत. "तूच हो अध्यक्ष, खुर्ची घेऊन ये."

गंमत अशी की ही सभा पहिल्या फेरीतच व्हायची. हातातली पत्रकं संपली की पप्पा खाली जायचे, उरलेला गठ्ठा घ्यायचे आणि दुसऱ्यांदा चढायचे ते कुठेही न थांबता, थेट आमच्या दारात. आई म्हणायची, "यांचं इंजिन आता कुठे गरम झालं." आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्यात एक वैद्यकीय सत्य दडलेलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

तो रविवार असाच होता. पायऱ्यांना कठडा बसवा, अशी मागणी होती. पप्पा नळापाशी उभे राहिले, चष्मा वर सरकवला आणि सुरू झाले. "आमची मागणी आहे की" इथपर्यंत आले, आणि पुढे आवाजच आला नाही. लोकांना वाटलं, परिणामासाठी थांबलेत. खालच्या घरातल्या एकाने तर टाळी वाजवली. मी त्यांच्या मागे पत्रकांचा गठ्ठा धरून उभी होते. मला त्यांची मान दिसत होती. सकाळची गार वेळ, आणि मानेवरून घामाच्या धारा. ते हळूच पायरीवर बसले. हातातलं पत्रक मात्र सोडलं नाही.

"गॅस झालाय," ते म्हणाले. "जरा सोडा आण."

"पप्पा, कुठे दुखतंय?"

"दुखत नाही गं. आवळल्यासारखं झालंय. सोडा आण म्हटलं ना!"

मी सोड्याऐवजी फोन काढला आणि रुग्णवाहिका बोलावली. तेवढ्यात कोणीतरी आईला हाक मारली आणि कोणीतरी वस्तीतल्या मंडळाची खुर्ची आणली.

या खुर्चीबद्दल सांगायला हवं. लाल प्लॅस्टिकची साधी खुर्ची, दोन्ही हातांच्या खालून आडवे बांबू बांधलेले. आमच्या टेकडीवर आजारी माणसाला तिच्यातून खाली उतरवतात, चौघं जण मिळून. त्या खुर्चीला आमच्याकडे फार वाईट नाव होतं. "त्याला खुर्चीतून नेला," असं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारायचाच नाही. आणि खरंच, तिच्यातून उतरलेली बरीच माणसं परत चढलेली नव्हती, कारण सगळं हाताबाहेर गेल्याशिवाय कोणी तिच्यात बसायला तयारच व्हायचं नाही. उशीर माणसांचा व्हायचा, बदनाम खुर्ची झाली.

"खुर्ची नको," पप्पा म्हणाले. "मी चालत जातो. लोक बघतायत."

आई तोवर खाली पोचली होती. हाताला कणीक तशीच. "बघू देत की," ती म्हणाली. "जन्मभर लोकांनी बघावं म्हणूनच ओरडत होतात ना? आता बघतायत तर लाजता कशाला? बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना!"

पप्पा बसले. कुठलीही चर्चा, वाटाघाट न करता त्यांनी समोरच्याची मागणी मान्य केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

मुलुंडच्या हॉस्पिटलात त्याच दिवशी त्यांची अँजिओग्राफी झाली, बंद पडत आलेली नस उघडून तिच्यात स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई पप्पांच्या खाटेपाशी आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. चेहऱ्यावर झोप अपुरी आणि उत्साह भरपूर.

"काका, तुम्ही नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा ब्लॉक होता, पण त्या मानाने हृदयाचं नुकसान फार थोडं झालंय. एक सांगा, याच्या आधी छातीत कधी दुखायचं?"

"नाही."

"चढताना वगैरे?"

पप्पा छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

"पप्पा," मी म्हणाले. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं होतं. "नळापाशी?"

मग ते पुटपुटले, "जरा आवळायचं. मग मी उभा राहून वाचायचो. वाचून होईस्तोवर थांबायचं."

आईने कपाळावर हात मारला. "म्हणजे इतकी वर्षं ती भाषणं म्हणजे..."

"भाषणं खरी होती!" पप्पा खाटेवरून उसळले. डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून परत टेकवलं. "भाषणं शंभर टक्के खरी होती. जागा तेवढी दुखण्याने ठरवली."

डॉक्टर मनापासून हसल्या. मग त्यांनी आम्हाला स्क्रीनवर स्टेंट बसवण्याआधीचं चित्र दाखवलं. राखाडी पडद्यावर काळ्या फांद्या हलत होत्या. एक जाड फांदी मध्येच तुटल्यासारखी. त्यांनी तिच्या पलीकडे बोट ठेवलं.

"ही नस इथे जवळजवळ बंद आहे. मग हिच्यापुढच्या भागाला रक्त मिळायला नको. पण मिळतंय. कुठून? हे बघा, शेजारच्या नसेतून केसासारख्या बारीक वाटा आल्यात. अशा वाटा थोड्याफार आपल्या सगळ्यांत असतात, वापरात नसतात. मोठी नस हळूहळू अरुंद होत गेली, की काही जणांत या वाटा रुंद होतात आणि अडलेल्या भागाला रक्त पोचवतात."

"गल्ल्या," पप्पा म्हणाले.

"हो, गल्ल्याच. आणि दुसरी गोष्ट. तुम्ही चढायचात तेव्हा रक्त कमी पडायचं, थांबलात की परत यायचं. असा छोटा तुटवडा येऊन गेला की हृदयाच्या पेशी सावध होतात. लगेच पुन्हा तुटवडा आला तर त्या जपून वागतात, कमी इंधनात तग धरतात. मोठा अटॅक आला तरी थोडा जास्त वेळ टिकून राहतात."

"दुसरी फेरी!" आई आणि मी एकदमच म्हणालो.

आम्ही डॉक्टरांना दुसऱ्या फेरीची गोष्ट सांगितली. मग त्यांनी सोनोग्राफीसारखं दुसरं एक चित्र लावलं. त्यात हृदय धडधडत होतं, पण एक कोपरा सुस्त होता.

"हा भाग कमी हलतोय. पण मेलेला वाटत नाही. बरेच दिवस रक्त कमी मिळालं म्हणून याने काम कमी केलंय. आता रक्त पुरेसं मिळालं की बहुतेक हळूहळू कामाला लागेल."

पप्पा त्या सुस्त कोपऱ्याकडे असे बघत होते, जसा कोणी जुना सोबती गर्दीत ओळखू यावा. "गो-स्लो," ते म्हणाले.

"काय?"

"गो-स्लो आंदोलन, मॅडम. मालकाने आमचा बोनस दाबला तेव्हा आम्ही मशीन बंद नव्हतं केलं. बंद केलं की टाळं लावायला त्याला कारण मिळतं. मशीन चालूच, पण हळू. कामगारही टिकतो, मशीनही टिकतं." त्यांनी छातीवर हलकेच हात ठेवला. "माझं काळीज युनियनचं आहे."

"असेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण काका, नीट ऐका. या सगळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. हे संरक्षण थोड्या वेळापुरतं असतं. सगळ्यांना मिळतही नाही. ज्यांना शुगर आहे त्यांच्यात तर बऱ्याचदा कमीच असतं. कळलं ना?"

पप्पांनी मान हलवली. पण मी त्यांना ओळखते. सभेत एकदा टाळी पडली की पुढचं वाक्य माणसाला ऐकू येत नाही.

काही आठवडे ते घाटकोपरला माझ्या आत्याकडे राहिले, कारण तिचं घर तळमजल्यावर आहे. मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि पप्पा आमची टेकडी स्वतःच्या पायांनी चढले. सावकाश, गोळ्यांचा डबा खिशात घेऊन. लोक दारात उभे. खुर्चीतून गेलेला माणूस चालत परत येतोय! एका म्हातारीने तर त्यांच्या दंडाला चिमटा काढून बघितला. त्या दिवसापासून पप्पा टेकडीचे हिरो झाले, आणि हिरो झालेला माणूस पत्रक काढल्याशिवाय राहील कसा?

मी अंधेरीला एका ऑफिसात अनुवादाचं काम करते. एका संध्याकाळी परत आले तर नळाच्या भिंतीवर पिवळा कागद. वर ठसठशीत मथळा: काळजाचा गो-स्लो! खाली लिहिलेलं होतं:

"बंधू-भगिनींनो, मालकाने रेशन तोडलं म्हणून कामगार खचत नाही, तसं आपलं काळीजही खचत नाही. थोडं थोडं सोसलं की ते नव्या वाटा काढतं. छातीत कळ आली तर घाबरू नका. थांबा, सोसा, पुन्हा चढा. सोसलेलं काळीज मरत नाही!"

भाषा झकास होती. म्हणूनच ते धोक्याचं होतं. वाईट लिहिलेलं पत्रक लोक विसरतात, हे कोणी विसरणार नव्हतं. आमच्या टेकडीवर सगळे सोसणारेच राहतात. गिरण्या गेल्या तेव्हा सोसलं, कारखाने गेले तेव्हा सोसलं, पाणी आलं नाही तेव्हा सोसलं. त्यांना आणखी सोसा म्हणून सांगणारं पत्रक माझ्या बापाने काढलं होतं.

विहाराच्या कट्ट्यावर आमच्या वरच्या घरातल्या काकू बसल्या होत्या, दळणाचा डबा शेजारी. या काकू मूळच्या मालवणच्या. पोळ्या लाटून ऑफिसांत डबे पुरवतात. शुगर त्यांना कित्येक वर्षांपासून. त्यांचा श्वास मला दोन पायऱ्या खालून ऐकू येत होता.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"गो चेडवा, माका काय झाला नाय," त्या पदराने चेहरा पुसत म्हणाल्या. "वाईच दम लागलो. तुझ्या बापाशीन लिवल्यान हा मा, वाईच सोसला की काळीज घट्ट होता. आता रोज दोनदा चढतंय. नवी वाट काढतंय!" आणि त्या अभिमानाने हसल्या.

मी डबा उचलून त्यांना घरी पोचवलं, उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हणून विनवलं, तर म्हणाल्या, डब्यांची घाई आहे, आठवडा जाऊ दे. मग मी घरात शिरले ती चप्पल न काढताच.

"ते पत्रक काढून टाका."

पप्पा भाकरी मोडत होते. "एक शब्द खोटा दाखव."

"शब्द खोटा नाही. अर्धा आहे."

"डॉक्टरांनी सांगितलेलंच लिहिलंय."

"टाळी पडली तिथपर्यंतच लिहिलंय! पुढचं कुठे आहे? थोड्या वेळापुरतं, सगळ्यांना नाही, शुगरवाल्यांना तर कमीच. ते कुठे गेलं?"

"पत्रकात पण-परंतु घालायचे नसतात," पप्पा म्हणाले. "मीच शिकवलंय तुला. आणि हे बघ, मी सोसलं म्हणून वाचलो. समोर बसलोय जिवंत."

"सोसलंत म्हणून तगलात. वाचलात ते आईने खुर्चीत बसवलं म्हणून."

"वा! म्हणजे माझ्या काळजाचं काहीच श्रेय नाही?"

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचे कान आमच्याकडे होते. मी पप्पांच्या समोर मांडी घालून बसले. त्यांच्याशी वाद जिंकायचा तर त्यांच्याच भाषेत जिंकावा लागतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"कारखान्यात गो-स्लो कशासाठी केला होता?" मी विचारलं. "हळू काम करायची हौस होती म्हणून?"

"हौस कसली? मागणी होती."

"ती कोणाला कळावी म्हणून?"

"मॅनेजमेंटला."

"गो-स्लो हीच जीत होती?"

"डोकं फिरलंय का तुझं? गो-स्लो म्हणजे इशारा. जीत म्हणजे मागणी मान्य होणं."

"आणि मॅनेजमेंटने इशारा ऐकलाच नाही, तेव्हा काय झालं?"

पप्पांचा घास हातातच राहिला. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. "टाळं लागलं," ते म्हणाले.

"तुमचं काळीज वर्षानुवर्षं त्या नळापाशी गो-स्लो करत होतं, पप्पा. दर रविवारी इशारा देत होतं. तिथे मॅनेजमेंट कोण होती?"

तव्यावरची भाकरी फुगली आणि आईने ती काढलीच नाही. "आता बोला," ती म्हणाली.

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांच्या मिशीचं टोक हललं. "साला," ते म्हणाले, "मीच की. मीच मॅनेजमेंट. आणि मॅनेजमेंटनेच पत्रक काढून कामगारांना सांगितलंय, सोसा म्हणून!"

त्यांनी हात धुतले, बादलीत फडकं भिजवलं आणि निघाले. आपल्या हाताने चिकटवलेलं पत्रक त्यांनी जन्मात कधी उतरवलं नव्हतं. पोलिसांनी दम दिला तेव्हा नाही, नगरसेवकाच्या माणसांनी धमकावलं तेव्हा नाही. त्या संध्याकाळी नळापासून चक्कीपर्यंतचा प्रत्येक पिवळा कागद त्यांनी ओल्या फडक्याने सोडवला, आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "चुकीचं होतं. रविवारी बरोबरचं येतंय." आजवर मी त्यांची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. याच्याइतकं मोठं एकही नव्हतं.

नवं पत्रक आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, भांडत भांडत. डॉक्टर बाईंना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मथळा पप्पांचा होता: काळजाची मागणी मान्य करा! खाली सरळ सांगितलं होतं की चढताना छाती, जबडा किंवा हात आवळत असेल, नेहमीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर काळीज इशारा देतंय, तपासून घ्या. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, तर चालू नका, सोडा पिऊ नका, खुर्चीत बसा आणि हॉस्पिटल गाठा. शुगर असलेल्यांनी तर दुखण्याची वाटही बघू नये, नुसता दम आणि घाम पुरेसा आहे. शेवटची ओळ आईची होती: खुर्चीत बसण्यात लाज नाही. पप्पांनी ती खुर्ची धुऊन, बांबू नव्या दोरीने आवळून विहाराच्या दारात आणून ठेवली, सगळ्यांना येता-जाता दिसेल अशी.

रविवारी पप्पा नळापाशी उभे राहिले. आता त्यांना थांबायची गरज नव्हती, पण जागा सवयीची होती. वाचन सुरू झालं, मी मागे गठ्ठा धरून. तेवढ्यात काकू खालून आल्या, हातात भाजीची पिशवी. नळापाशी पोचल्या आणि पायरीवर बसल्या. पिशवीतले टोमॅटो गडगडत खाली गेले, आणि त्यांनी ते अडवायला हातसुद्धा पुढे केला नाही.

पप्पांचं वाचन अर्ध्या वाक्यात तुटलं. "खुर्ची!" ते ओरडले.

मी फोन कानाला लावला होताच. काकूंचा ब्लाउज घामाने भिजला होता. एक हात जबड्यावर.

"काय नाय ओ," त्या कशाबशा म्हणाल्या. "गॅस झालोहा. दात दुखतत."

"काकू, खुर्चीत बसा."

"माका खुर्चेत घालतास? मी मेलंय काय?"

"मी बसलो होतो ना? मेलो का मी?"

"तुमची गोष्ट येगळी. तुमचा काळीज युनियनचा."

एवढ्या धसक्यातही दोघं-तिघं फिसकन हसले. पप्पा हसले नाहीत. ते काकूंच्या समोर पायरीवर उकिडवे बसले. "काकू, माझ्या पत्रकात चूक होती. मी लिहिलं, मीच उतरवलं. माझं काळीज तगलं ते तगलं, तुमचं तगेल याची हमी मी देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकत नाही. आता मी तुमच्या पाया पडू का?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग गर्दीतून पुढे आलेल्या आईकडे. "पीठ मळून ठेवलंय गो," त्या म्हणाल्या. "डब्याच्या पोळ्यो..."

"पोळ्या मी लाटते," आई म्हणाली. "तुमच्यासारख्या गोल होणार नाहीत. ऑफिसवाले खातील गपचूप. बसा."

काकू बसल्या.

मंडळातल्या चौघांनी खुर्ची उचलली. पप्पांना वजन उचलायला आणि पळायला मनाई होती, पण बोलायला नव्हती. विहारातला भोंगा गळ्यात अडकवून ते पुढे झाले. "वाट द्या! गाड्या बाजूला घ्या! काकू येतायत, वाट द्या!" कठडा अजून बसला नव्हता, म्हणून उतरणीच्या कडेला माणसं एकमेकांचे हात धरून उभी राहिली आणि त्यांचाच कठडा झाला. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी लावलेल्या मोटरसायकली उचलून लोकांनी घराच्या आत घेतल्या. मी खुर्चीच्या शेजारून काकूंचा हात धरून उतरत होते. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा रुग्णवाहिका नुकतीच वळत होती.

हॉस्पिटलात त्याच डॉक्टर बाई होत्या. काकूंची नस उघडून झाल्यावर त्या बाहेर आल्या, मास्क खाली केला. "यांच्याकडे त्या बारीक वाटा जवळजवळ नव्हत्याच," त्या म्हणाल्या. "जरा जरी थांबला असतात..." पप्पा बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

काकू बऱ्या झाल्या. स्वतःच्या पायांनी टेकडी चढून आल्या त्या दिवशी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते, कोणीतरी तर फुलांची माळ आणली होती. काकू नळापाशी थांबल्या.

"दुखतंय?" पप्पांनी घाईने विचारलं.

"नाय ओ. तुमच्या जागेवर उभी ऱ्हवलंय, भाषण नको करूक?" काकूंनी पदर खोचला. "आयका. माका परत दुखला तर मी लगेच सांगतलंय. तुमीय सांगा. संपला भाषण!"

माझ्या बापाला इतक्या वर्षांत मिळाली नसेल एवढी टाळी पडली. तेही वाजवत होते.

पुढे तपासणीला गेलो तेव्हा पप्पांच्या हृदयाचं चित्र पुन्हा स्क्रीनवर आलं. तो सुस्त कोपरा बाकीच्यांबरोबर आकसत होता, फुलत होता, जणू कधी थांबलाच नव्हता. "कामावर रुजू झालाय," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांनाही ही भाषा येते. पप्पांनी खाटेवर पडल्या पडल्या मूठ वर केली. "मागणी मान्य झाली, मॅडम!"

मी तेव्हापासून काळीज नावाच्या या मांसाच्या मुठीबद्दल बराच विचार करते. रक्त तोडलं तर ती गल्ल्या काढते, काम कमी करते, एकदा बसलेल्या दणक्यातून शहाणी होते. ती अशी लढते हे मला माणूस असण्याच्या सगळ्यात अभिमानाच्या गोष्टींपैकी एक वाटतं. पण ती एवढं करते ते वेळ मिळवण्यासाठी, आणि मिळवलेला वेळ ती आपल्याच हातात ठेवते.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती तुमच्याकडेच आहे. आज घरी गेलात की चढताना थांबणाऱ्या तुमच्या माणसाला विचारा, "नेमकं कुठे आवळतं?" तो म्हणेल गॅस आहे. ऐकू नका. उद्याची कामं बाजूला ठेवा आणि त्याला तपासायला घेऊन जा. तुमच्या चाळीत, सोसायटीत, टेकडीवर आजारी माणसाला उतरवायची खुर्ची कुठे ठेवलीय ते आजच शोधा. नसेल तर एक आणा, तिला बांबू बांधा आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.